साईटवरचं बॅरिअर: दाखवणारं कुठलं, अडवणारं कुठलं आणि ते लावायचं कसं

रस्त्याच्या कामावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मोरीसाठी खोदलेला ७ फूट खोल खड्डा होता आणि त्याच्या कडेला काय, तर चुना मारलेले दगड, दोन बांबू आणि लाल-पांढरी टेप. मुकादमांना विचारलं, अण्णा, रात्री ट्रक आला तर? ते म्हणाले, "साहेब, टेप लावलीय की." आणि त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही, कारण टेप फक्त दाखवते, अडवत नाही, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे बऱ्याच साईट बघितल्या, मोठ्या ठेकेदारांच्यापण, आणि गडबड सगळीकडे हीच. दाखवायच्या वस्तूकडून अडवायची अपेक्षा ठेवतात आणि अडवायची वस्तू नुसती दाखवण्यापुरती ठेवून देतात. म्हणून म्हटलं एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढू, जे साईटवर सुपरवायझर, ज्युनिअर इंजिनिअर किंवा सेफ्टीला आहेत त्यांच्यासाठी.

उदाहरण सगळीकडे एकच धरतो. चौपदरी हायवे, मधे दुभाजक, डाव्या बाजूला मोरी रुंद करायचं काम, २ मीटर खोल खड्डा, त्यासाठी डावी लेन बंद, उजवी चालू. आपल्याकडे निम्मी कामं अशीच असतात.

आधी वेग मोजा, बॅरिअरचं नंतर बघू

बोर्डावर ४० लिहिलंय म्हणून गाड्या ४० ने येत नाहीत. वेग मोजायला रडार गन लागत नाही. रस्त्याच्या कडेला एकमेकींपासून १०० मीटरवर दोन खुणा करा, मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या, गाडी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदात जाते ते बघा आणि ३६० ला त्या सेकंदांनी भागा, झाला ताशी वेग. ६ सेकंद म्हणजे ६०, साडेचार सेकंद म्हणजे ८०, ३.६ सेकंद म्हणजे १००. वीस-पंचवीस गाड्या दिवसा मोजा आणि तेवढ्याच रात्री अकराला पण मोजा, कारण रात्री रस्ता मोकळा असतो आणि खरा वेग तेव्हा कळतो. त्यातल्या जोरात जाणाऱ्या गाड्यांचा वेग धरा, सरासरी नको.

वेग का, तर वेग दुप्पट झाला की आदळण्याची ताकद चौपट होते, आणि ८० ने येणाऱ्या ड्रायव्हरला समोर काय आहे ते कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात, तेवढ्यात गाडी ५५ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक अजून लागलेलाच नाही बरं का. आपल्या आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे मानक ठरवणारी संस्था) हिशोबात ८० च्या वेगाला थांबायला एकूण १२० मीटर धरतात आणि १०० ला १८० मीटर.

मग खड्ड्याकडे वळा. स्वतःला विचारा की हा खड्डा इतके दिवस उघडा ठेवायची खरंच गरज आहे का. मोरीचं काम अर्ध्या-अर्ध्यात होतंय का, आज तेवढंच खोदू जेवढं आठवड्यात भरता येईल असं जमतंय का, कडेची खाच अर्धा फूटच असेल तर तिथे खडी-मुरूम टाकून उतार करून टाकता येतो का. भरलेल्या खड्ड्याला बॅरिअर लागत नाही. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण जेसीबी दोन दिवसच मिळणार म्हणून अख्खं २०० मीटर गटार एकदम खोदून ठेवायचं आणि मग महिनाभर टेप बदलत बसायचं, हे मी एकदा नाही, पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दाखवणारं आणि अडवणारं

कोन, उभे ड्रम, टेप, डेलिनेटर (कडा दाखवणारे चमकत्या पट्टीचे खांब), पत्र्याचे बोर्ड, ब्लिंकर, हे सगळं दाखवणारं. गाडी यावर आदळली तर वस्तू उडते, गाडी पुढे जाते, आणि ते तसंच असायला पाहिजे. म्हणून ड्रममध्ये काँक्रीट भरून ठेवू नका, कोनवर दगड ठेवू नका. एका ठिकाणी डांबराच्या ड्रममध्ये काँक्रीट ओतून वर झेंडा लावला होता, त्यावर बाईकवाला गेला. खड्ड्यात गेला असता तर कदाचित कमी लागलं असतं. खाली वजन पाहिजेच असेल तर वाळूची गोणी, तीपण जमिनीलगत, वर लटकवलेली नको.

प्लास्टिकचं केशरी-पांढरं पाणी भरायचं बॅरिअर मधलं मधे लटकतं आणि सगळा गोंधळ इथेच होतो. दिसायला भिंतीसारखं, म्हणून सगळ्यांना वाटतं हे अडवतं. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, एका पीसमध्ये २५०-३०० लिटर मावत असेल तर झालं अडीचशे-तीनशे किलो, आणि समोरून येते हजार-बाराशे किलोची कार, भरलेला १० चाकी हायवा (मोठा डंपर) असेल तर २८ टनांच्या आसपास. काही प्लास्टिक बॅरिअर आतून स्टीलची, एकमेकांना पिनने जोडायची आणि धडक देऊन तपासलेली असतात, ती वेगळी जात. बाजारात सरसकट मिळतं ते दाखवणारंच समजा, आणि रिकामं असेल तर तेपण नाही, कारण ट्रक शेजारून गेला की त्याच्या हवेने ते सरकून चालू लेनमध्ये येतं.

अडवणारं म्हणजे तीन प्रकार. एक काँक्रीटचं, ज्याला सगळे न्यू जर्सी म्हणतात, खाली पसरट वर निमुळतं, साधारण ८१० मिमी उंच. ते नाव अमेरिकेतल्या त्या राज्यावरून पडलं, १९५० च्या दशकात तिथेच हा आकार घडत गेला. खालचा उतार असा की कमी कोनातून घासणाऱ्या कारचं चाक त्यावर चढतं, गाडी थोडी उचलली जाते आणि परत रस्त्याकडे वळते. वजन मीटरला ढोबळमानाने ६०० किलो, म्हणजे ३ मीटरचा ब्लॉक पावणेदोन-दोन टन. दुसरं डब्ल्यू-बीम, आपलं नेहमीचं पत्र्याचं क्रॅश बॅरिअर, ३ मिमी जाडीचा पत्रा आणि सहसा दर २ मीटरला खांब. तिसरं वायर रोप, म्हणजे खांबांवर ताणलेले जाड तारेचे दोर, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या दुभाजकात पाहिलं असेल. तात्पुरत्या कामाला वायर रोप विसरा, त्याला दोन टोकांना जबरदस्त अँकर लागतो. आपल्या उदाहरणात काँक्रीटच योग्य, कारण खड्ड्याच्या कडेच्या पोकळ मातीत डब्ल्यू-बीमचा खांब धरतच नाही, खांबाच्या मागे निदान २ फूट घट्ट माती हवी.

विकत किंवा भाड्याने घेताना "हेवी ड्यूटी आहे साहेब" यावर जाऊ नका, चाचणीचा कागद मागा. युरोपच्या पद्धतीत एन२ दर्जा म्हणजे दीड टनाची कार ताशी ११० ने २० अंशाच्या कोनात आदळवून तपासलेलं, एच२ म्हणजे १३ टनांची बस ७० ने २० अंशात, आणि तात्पुरत्या बॅरिअरचा टी३ म्हणजे १० टनांचा ट्रक ७० ने पण फक्त ८ अंशात. हा कोन लक्षात ठेवा. तीच गाडी त्याच वेगात ८ ऐवजी २० अंशाने आली तर बॅरिअरला आडवा बसणारा जोर साधारण ६ पट होतो. म्हणजे बॅरिअर रस्त्याला समांतर ठेवलं तर तेच बॅरिअर कितीतरी जास्त सोसतं, आणि कुणी जागा नाही म्हणून तिरकं ठेवलं की कागदावरचा आकडा गेला उडत.

बॅरिअरच्या मागे जागा सोडा

बॅरिअर धडकेने सरकतं. काँक्रीटचं पण सरकतं, नुसतं रस्त्यावर ठेवलेलं असेल तर नक्कीच. सरकतानाच ते जोर खाऊन घेतं, तो त्याचा दोष नाही. पण ते सरकून जातं कुठे? आपल्याकडे रस्त्याची जागा वाचवायची म्हणून ब्लॉक खड्ड्याच्या काठापासून फूटभर अंतरावर ठेवतात, मग धडक बसली की आधी ब्लॉक खड्ड्यात, मागोमाग गाडी, आणि खाली शटरिंग बांधणारी चार माणसं.

चाचणीच्या कागदावर कार्यरुंदी, म्हणजे धडकेत बॅरिअरला मागे किती जागा लागते ते दिलेलं असतं, डब्ल्यू१ ते डब्ल्यू८. डब्ल्यू१ म्हणजे ०.६ मीटरपर्यंत, डब्ल्यू४ म्हणजे १.३, डब्ल्यू८ म्हणजे साडेतीन मीटर. ही रुंदी बॅरिअरच्या रस्त्याकडच्या अंगापासून मोजतात, म्हणजे बॅरिअरची स्वतःची जाडी त्यातच आली. तेवढ्या पट्ट्यात माणूस नको, जनरेटर नको, सळ्यांचा ढीग नको, खड्ड्याचा काठ तर नकोच. सगळ्यात आधी हा पट्टा रस्त्यावर पांढऱ्या रंगाने आखून घ्या, मग लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. जागा खरंच नसेल तर ब्लॉक खाली पिन ठोकून बांधता येतात, पण ती डिझाईनरला विचारायची गोष्ट आहे, मुकादमाच्या अंदाजाने ड्रिल मारायची नाही.

आणि ब्लॉक एकमेकांना जोडलेले पाहिजेत. प्रत्येक ब्लॉकच्या टोकाला सळईचे लूप असतात, दोन ब्लॉकचे लूप एकावर एक येतात आणि त्यातून वरून पिन जाते. बहुतेक साईटवर ती पिन नसते. हरवली, कुणी भंगारात विकली किंवा क्रेनवाल्याला घाई होती. पिन नसलेले २० ब्लॉक म्हणजे ४० टनांची भिंत नाही, २ टनांचे २० सुटे दगड आहेत. हे एवढं एकच जरी उद्या साईटवर जाऊन तपासलंत तरी पुष्कळ.

कुठून सुरू करायचं

खड्डा जिथे सुरू होतो तिथे बॅरिअर सुरू करायचं, बरोबर ना? नाही. गाडी काटकोनात वळून खड्ड्यात पडत नाही. ती तिरकी तिरकी घसरत जाते, म्हणजे खड्ड्याच्या २५-३० मीटर आधी रस्ता सोडलेली गाडी बॅरिअरच्या मागच्या बाजूने सरळ खड्ड्यात जाऊ शकते, बॅरिअरला बोटही न लावता. म्हणून खड्ड्याच्या आधी बरीच लांबी जास्त लागते आणि वेग जेवढा जास्त तेवढी ती वाढते. दुपदरी रस्ता असेल तर दोन्हीकडून गाड्या येतात, तेव्हा दोन्ही टोकांना हीच गोष्ट.

टोक हा सगळ्यात वाईट भाग. काँक्रीटच्या ब्लॉकचं उघडं टोक म्हणजे रस्त्यात उभी केलेली भिंत, आणि डब्ल्यू-बीमचं उघडं टोक भाल्यासारखं गाडीत घुसतं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली, ते सगळ्यांना आठवत असेल. लेन तीनच्या दोन होतात आणि तिथेच काँक्रीट समोर येतं हा मुद्दा तेव्हा पेपरात भरपूर चर्चेत होता. तात्पुरत्या कामावर आपण स्वतःच्या हाताने अशी जागा बनवत असतो. त्याला उपाय तीन: टोक हळूहळू रस्त्यापासून लांब न्यायचं, १ मीटर बाजूला न्यायला १०-१५ मीटर लांबी या हिशोबाने, किंवा आधीच्या कायमच्या बॅरिअरच्या मागे दडवायचं, नाहीतर पुढे क्रॅश कुशन (धडकेचा जोर खाणारी गादी) लावायचं. टोकापुढे मातीचा ढीग करायचा नाही, गाडी त्यावरून उडी मारते.

डब्ल्यू-बीम वापरत असाल तर एक बारीक गोष्ट. पत्र्यावर पत्रा चढतो तिथे वरच्या पत्र्याची कड गाड्या जातात त्या दिशेकडे पाहिजे, येणाऱ्या गाडीकडे नको, नाहीतर घासत आलेली गाडी ती कड उचकटून काढते. आणि रस्त्यावर नवीन डांबराचा थर पडला की बॅरिअरची उंची तेवढी कमी होते. ५० मिमीचा एक थर आणि वर ४० चा दुसरा, झालं ९ सेंटिमीटर कमी, आणि एसयूव्ही त्यावरून पलटी मारायला मोकळी. थर पडला की मोजपट्टी लावून उंची मोजा आणि ड्रॉइंगशी ताडून बघा.

कोनांची रांग

लेन बंद करताना गाड्या बाजूला ढकलायच्या त्या दाखवणाऱ्या वस्तूंनीच, काँक्रीटने नाही. अमेरिकेच्या मॅन्युअलमधलं सूत्र सोपं आहे म्हणून मी तेच वापरतो. ७० किंवा जास्त वेगाला लेनची रुंदी गुणिले वेग भागिले १.६. आपल्या उदाहरणात ३.५ गुणिले ८० भागिले १.६ म्हणजे १७५ मीटर. ६० आणि खाली असेल तर रुंदी गुणिले वेगाचा वर्ग भागिले १५५, म्हणजे ६० ला ८१ मीटर आणि ५० ला ५६ मीटर. साईटवर प्रत्यक्षात किती असते? वीस मीटर, पाच कोन.

दोन कोनमधलं अंतर मीटरमध्ये, वेग भागिले ५ असा हिशोब आहे, ८० ला १६ मीटर. पण आपल्याकडे १६ मीटरच्या फटीतून रिक्षा आरामात आत शिरते आणि मागोमाग दहा बाईक, त्यामुळे मी ६ ते ९ च ठेवतो. कोन ७५० मिमीचा तरी हवा, छोटे कोन शाळेच्या मैदानावर ठीक आहेत.

दुपदरी रस्त्यावर एकच लेन उरते आणि झेंडीवाला आळीपाळीने गाड्या सोडतो, तिथे मात्र ही रांग मुद्दाम छोटी ठेवतात, १५ ते ३० मीटर. कारण तिथे गाडी थांबलीच पाहिजे, लांबलचक रांग दिली की ड्रायव्हरला वाटतं सरळ घुसता येतंय.

क्रम असा लागतो: आधी "पुढे काम चालू आहे" चा बोर्ड, मग वेग आणि लेन बंदचे बोर्ड, मग कोनांची तिरकी रांग, मग रिकामी जागा, मग काम, मग गाड्यांना परत लेनमध्ये सोडणारी छोटी रांग. आयआरसी एसपी ५५ या रस्त्यावरच्या कामांच्या मार्गदर्शिकेमध्ये हे सगळं आकृत्यांसकट आहे, प्रत साईट ऑफिसात ठेवा. पहिला बोर्ड ८० ते १०० च्या वेगाला ३००-५०० मीटर आधी, त्याहून जास्त वेग असेल तर १ किलोमीटर. वळण किंवा चढ असेल तर बोर्ड वळणाच्या अलीकडे आणा, नियमात मीटर काहीही असो, दिसला नाही तर बोर्ड असून नसल्यासारखा.

ती रिकामी जागा रिकामीच राहिली पाहिजे. ब्रेक न लागलेली गाडी तिथे थांबावी म्हणून ती आहे. आपल्याकडे तिथेच डंपर सावलीला उभा असतो, ड्रायव्हर खाली जेवत असतो आणि कामगारांची पोरं खेळत असतात. हाकलावं लागतं, रोज.

लावताना आणि काढताना

बोर्ड लावायचे ते येणाऱ्या गाड्यांच्या दिशेने, म्हणजे सगळ्यात लांबचा आधी, मग जवळचा, मग कोन, शेवटी बॅरिअर. काढायचं बरोबर उलट. लोक घाईत आधी लांबचे बोर्ड उचलतात कारण टेम्पो तिकडून येतो, आणि मग आतली माणसं विनासूचना उघड्यावर.

हायड्रा (चाकांवरची क्रेन) ब्लॉक उतरवत असेल तेव्हा सर्वांत धोका, कारण बॅरिअर अजून बनलेलं नाही आणि माणूस मात्र रस्त्यावर आहे. मागे ब्लिंकर लावलेला एक भरलेला ट्रक आडोशाला उभा करा, हँडब्रेक आणि गिअरमध्ये, चाकं डावीकडे वळवलेली, आत ड्रायव्हर बसलेला नको. पहिला ब्लॉक येणाऱ्या गाड्यांच्या बाजूचा, मग पुढे पुढे, म्हणजे प्रत्येक नवीन ब्लॉक आधीच्या ब्लॉकच्या आडोशाला उतरतो. लटकत्या ब्लॉकला हात लावायचा नाही, दोरी बांधून वळवायचा, आणि पिन तिथल्या तिथे टाकायची, संध्याकाळी टाकू म्हटलं की राहिली.

डंपरचं दार

बॅरिअर लागलं, पण साईटला खडी आणणारा डंपर आत कसा येणार? मग कुणीतरी मधला एक ब्लॉक सरकवतो. झालं, चालू लेनमध्ये तोंड करून दोन उघडी टोकं तयार.

बाहेर पडायचं दार सोपं आहे. पुढची बॅरिअरची रांग रस्त्यापासून एक गाडी मावेल एवढी आत सरकवून सुरू करा आणि मागची रांग तिच्यावर थोडी चढवा. रस्त्यावरून बघितलं तर उघडं टोक दिसत नाही, आणि डंपर दोन्हीच्या मधून गाड्या जातात त्याच दिशेने तोंड करून बाहेर येतो. आत यायचं दार मात्र असं जमत नाही, कारण तिथे टोक येणाऱ्या गाडीसमोरच येतं. म्हणून आत घ्यायचं ते काँक्रीट सुरू व्हायच्या आधी, कोनांच्या रांगेतून, एक माणूस दोन कोन बाजूला करतो, गाडी आत गेली की परत लावतो. रिकाम्या जागेतून ती फक्त पुढे जाते, तिथे उभी राहत नाही.

डंपरवाल्याने इंडिकेटर बराच आधी द्यायचा, आणि मागून येणारा माणूस त्याच्यामागे साईटमध्ये शिरू शकतो हे लक्षात ठेवायचं. रात्री हे हमखास होतं, पुढच्या गाडीचे दिवे बघत येणारा ड्रायव्हर थेट तुमच्या मिक्सरपर्यंत येतो. चालू रस्त्यात रिव्हर्स घ्यायला सक्त बंदी, कितीही "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा हेल्पर असला तरी.

आतल्या गाड्यांसाठी

आपल्या स्वतःच्याच गाड्या खड्ड्यात जातात, हे कुणी फारसं बोलत नाही. डंपर भरावाच्या काठावर मागे येतो, ट्रान्झिट मिक्सर खड्ड्याच्या कडेला लागतो, काठ खचतो. अंगठ्याचा नियम असा की खड्डा जेवढा खोल तेवढं चाक काठापासून लांब. २ मीटर खोल तर २ मीटर लांब, पाऊस झाला असेल तर आणखी. तेवढ्या लांबून काँक्रीट पोचत नसेल तर मिक्सरला लांब चूट (काँक्रीट सोडायची पन्हळ) लावा किंवा पंप मागवा.

जिथे डंपर मागे येऊन माल टाकतो तिथे चाकाला अडेल असा जाड लाकडी ओंडका किंवा मातीचा बांध पाहिजे. विटा आणि दगड नकोत, भरलेला हायवा त्यावरून चढून जातो. बांध किती उंच? अमेरिकेच्या खाणींचा नियम आहे की सगळ्यात मोठ्या गाडीच्या चाकाच्या मध्यापर्यंत तरी, ब्रिटनच्या दगडखाणींत दीड मीटर किंवा सगळ्यात मोठ्या चाकाची त्रिज्या, जे जास्त असेल ते. ताज्या भरावावर मात्र बांधाच्या भरवशावर काठापर्यंत जाऊच नका, माल अलीकडे टाका आणि जेसीबीने ढकला. डाला (डंपरची मालाची पेटी) वर करायच्या आधी वर बघायचं, विजेच्या तारा असतात, आणि डाला वर असताना गाडी पुढे घ्यायची नाही.

रात्र, पाऊस आणि चोऱ्या

रेडियम पट्टी धुळीने दोन दिवसांत मरते. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायची, हे काम एका माणसाच्या नावावर लावा, सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. रात्री एकदा स्वतः गाडी घेऊन लो बीमवर साईटमधून जा, तुम्हाला जे उशिरा दिसेल ते बाहेरच्याला दिसणारच नाही. डोळे दिपवणारा फोकस येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून लावू नका, काम उजळतं आणि ड्रायव्हर आंधळा होतो.

पाण्याच्या बॅरिअरवर आतून पाणी कुठवर पाहिजे तिथे बाहेरून रंगाने रेघ मारा. उन्हाळ्यात पाणी उडतं, बूच गळतं, आणि मे महिन्यात आजूबाजूच्या झोपडीतली बाई त्यातनं हंडा भरून नेते, तिला काय बोलणार. झाकणं लावून ठेवा नाहीतर डासांची शेती होते. कोन आणि ब्लिंकरच्या बॅटऱ्या चोरीला जातात हे धरूनच चाला, दहा टक्के जास्त मागवा. कोनावर ठेकेदाराचं नाव रंगवलं की थोडे कमी जातात.

पावसाळ्यात काँक्रीटच्या रांगेमुळे रस्त्यावरचं पाणी अडतं आणि चालू लेनमध्ये तळं होतं, म्हणून खाली खाच असलेले ब्लॉक घ्या आणि त्या खाचा चिखलाने बुजल्यात का ते रोज बघा. साईटमधून बाहेर पडणाऱ्या डंपरच्या चाकांचा चिखल हा पण बॅरिअरचाच प्रश्न आहे, बाईक त्यावर घसरते आणि थेट ब्लॉकखाली जाते.

माणसांचं विसरू नका. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस बॅरिअर लावलं की चालू लेनमधून चालायला लागतो. खड्डा आणि बॅरिअरच्या मधे नाही, तर वेगळी, कठडा असलेली पायवाट द्या. पालखी मार्गावर काम असेल तर आषाढीच्या आधी खड्डे भरून बॅरिअर मागे घ्यायचं वेळापत्रक मार्चमध्येच ठरवा, आणि मुंबई-गोवा हायवेवर असाल तर गणपतीच्या आधी, तेव्हा ट्रॅफिक नेहमीच्या हिशोबात बसत नाही.

रोजची फेरी

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आणि संध्याकाळी जाताना, रांगेच्या दोन्ही बाजूंनी चालत एक फेरी. बघायचं ते एवढंच: पिना आहेत का, ब्लॉकच्या खाली घासल्याच्या ताज्या खुणा आहेत का, रांग आखलेल्या रेघेवर आहे की सरकली, टोकं झाकलेली आहेत का, मागच्या पट्ट्यात कुणी सामान टाकलंय का. ताजी खूण म्हणजे रात्री कुणीतरी आदळून निघून गेलंय, त्याचा फोटो तारखेसह काढा. एकाच जागी तीन खुणा झाल्या तर ड्रायव्हर वाईट नाहीत, तुमची कोनांची रांग तोकडी आहे. तडा गेलेला, कोपरा उडालेला, सळई उघडी पडलेला ब्लॉक बाजूला काढा, त्याला सिमेंट लिंपून परत लावू नका.

पैशाचं म्हणाल तर बऱ्याच टेंडरमध्ये सेफ्टी एकाच ढोबळ रकमेत असते आणि मग तिथेच कात्री लागते. बॅरिअर मीटरवर आणि दिवसांवर मोजून वेगळी बाब धरायला लावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं आहे, रस्त्याच्या डिझाईन, बांधकाम आणि देखभालीचे मानक न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदार, सल्लागार आणि संबंधित अधिकारी यांना १ लाखापर्यंत दंड. रक्कम फार मोठी नाही, पण मीटिंगमध्ये हे कलम काढलं की पिना लवकर येतात असा माझा अनुभव आहे.

काम संपलं की खड्डा भरून, दाबून, वरचा थर टाकून मगच ब्लॉक उचला. रस्त्यात ठोकलेल्या पिनांची भोकं बुजवा, जुन्या पट्ट्या नीट घासून काढा, काळ्या रंगाने झाकलेली पट्टी पावसात चमकते आणि रात्री ड्रायव्हरला परत त्याच बंद लेनमधून बाहेर नेते. आणि सगळ्यात शेवटी तो ५०० मीटरवरचा "पुढे काम चालू आहे" चा बोर्ड, तो सहा-सहा महिने तसाच उभा असतो, तोही उचलून आणा, कारण खोट्या बोर्डाची सवय लागलेला ड्रायव्हर पुढच्या साईटच्या खऱ्या बोर्डाला पण जुमानत नाही.